न गळलेली पाकळी

१

माडबंदरच्या रवळनाथाने सत्तावीस घरांना नको म्हटले, ते एकोणीसशे एकसष्ट सालच्या चोवीस मार्चला, सकाळी साडेनऊ वाजता. मी ग्रामपंचायतीचा सेक्रेटरी. देवाचे म्हणणे मीच प्रोसिडिंग बुकात लिहून घेतले, खाली तारीख घातली आणि सरपंचांची सही घेतली. त्या पानाची मला अजून चीड येते, आणि निम्मी चीड माझी मलाच येते.

आदल्या आषाढात समुद्राने आमचा किनारा खाल्ला होता. मच्छीमारांची अठरा घरे गेली, शेतमजुरांची तीन, आणि खाडीच्या तोंडावरच्या खालच्या वाडीची सहा. खालची वाडी म्हणजे चामड्याचे काम करणाऱ्यांची. ही सगळी माणसे नऊ महिने शाळेच्या मागे, फाटक्या शिडांच्या आणि माडाच्या झापांच्या आडोशाला दिवस काढत होती. सरकारने देवळामागच्या माळावर जागा दिली, लाकूड आणि कौले मंजूर केली. अट एकच. कोणाला कुठला प्लॉट याचा ग्रामपंचायतीचा ठराव एकतीस मार्चच्या आत तालुक्याच्या कचेरीत पोचला पाहिजे. नाही पोचला तर मंजुरी गेली, आणि पुढचा पावसाळाही शिडाखालीच.

आता यात अडण्यासारखे काय होते? पण अडले. सरपंच गंगाराम खोत यांनी जो नकाशा काढून आणला त्यात खालच्या वाडीची सहा घरे माळाच्या पार टोकाला, गटाराच्या उताराला टाकलेली होती. त्यांची विहीर वेगळी, आणि तीही पुढे कधीतरी खणायची.

पंचायतीत बायकांची म्हणून जी जागा असते तिच्यावर खोतांनीच रुक्मिणी तांडेलला आणली होती. विधवा बाई, सुकी मासळी डोक्यावर घेऊन कसालच्या बाजाराला आणि पार धामापूरपर्यंत जाणारी. सांगू तिथे सही करील आणि गप बसेल, असा त्यांचा अंदाज. रुक्मिणीबायने नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि टेबलावर ठेवला.

"समुद्रान घरा नेली तेवा वाडी इचारल्यान नाय," ती म्हणाली. "मगे आमी कित्याक इचारूया? चिठयो टाका. ज्येच्या नशिबात जो प्लॉट. एक रांग, एक बाव."

एक बाव म्हणजे एकच विहीर, सगळ्यांना मिळून. सात सभासदांपैकी तिच्यासकट तिघे चिठ्ठ्यांच्या बाजूने झाले, तिघे विरुद्ध. सातवे खोत. त्यांनी पान जुळवले, तोंडात टाकले आणि म्हणाले, "जागा देवळामागची आसा. देवाक इचारल्याशिवाय मी हात वर करूचंय नाय."

कौल कसा लावतात ते बाहेरच्यांसाठी सांगतो. आमचा रवळनाथ म्हणजे मूर्ती नव्हे. कमरेएवढा नुसता पाषाण, नाक नाही, डोळे नाहीत. गुरव त्याच्या दोन्ही खांद्यांच्या जागी चाफ्याची एकेक ओली पाकळी चिकटवतो आणि गाऱ्हाणे घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवे-डावे देवाचे धरायचे. देव दाराकडे तोंड करून बसलेला, म्हणून त्याचा उजवा खांदा आपल्या डाव्या हाताला येतो.

त्या दिवशी मी सतरंज्या घालायला उजाडताच देवळात गेलो. अंगण नुकतेच झाडलेले होते. मातीवर खराट्याच्या रेघा, आणि त्यांच्यावरून विहिरीकडून देवळात गेलेली धोंडू गुरवाची ओली पावले. खालच्या वाडीची सीता खराटा घेऊन पायऱ्यांच्या बाजूला उभी होती. मी मंडपात सतरंज्या घातल्या आणि लोक जमेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

नऊपर्यंत मंडप भरला. पुरुष पुढे, बायका मागे, आणि खालच्या वाडीची माणसे पायऱ्यांखाली अंगणात. त्यांना तिथून गाभाऱ्यातला अंधार दिसतो, दुसरे काही नाही. देवळे सगळ्यांना खुली करणारा कायदा होऊन चौदा वर्षे झाली होती. आमच्या पायऱ्यांना तो कोणी वाचून दाखवला नव्हता.

देवळामागे सत्तावीस घरे, एक रांग, एक विहीर, व्हावी का, असे गाऱ्हाणे घालून धोंडूने तीनदा पाकळ्या लावल्या. तीनदा त्याचा थरथरता आवाज बाहेर आला, "डावो."

खोतांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे टिपले. देवाची मर्जी, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला रुक्मिणीबाय मासळीची पाटी बाहेर ठेवून माझ्या ऑफिसात आली. बसली नाही.

"सेक्रेटरीनू," ती म्हणाली, "देवाच्या आंगावरली एक पाकळी अजून पडाक नाय."

२

गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर आम्ही दोघे उभे राहिलो. आत धोंडू गुरव समई पुसत होता. सत्तरीचा म्हातारा, डोळ्यांत मोतीबिंदू. पाषाणाच्या उजव्या खांद्यावर, म्हणजे आमच्या डाव्या हाताला, ती पाकळी होती. तपकिरी पडलेली, कडांनी वळलेली.

"ओल आसा तवर पाकळी धरता," रुक्मिणीबाय म्हणाली. "सुकली की पडाकच व्हयी. धोंडूकाकानू, वायच काढा ती."

धोंडूने हात लावला. पाकळी सरळ निघाली नाही. तिच्याबरोबर पांढरट तार लांबत आली आणि म्हाताऱ्याच्या बोटाला गुंडाळली. त्याने बोट नाकाशी नेले.

"फणसाचो चीक," तो म्हणाला.

मार्चमध्ये आमच्याकडे घरोघर फणसाच्या कोवळ्या कुयऱ्या चिरतात. चीक हाताला लागला की पाण्याने जात नाही, खोबरेल लावावे लागते. ज्याच्या घरी चीक नाही असे घर माडबंदरात सापडले नसते. पण देवाच्या उजव्या खांद्याला चीक लावला म्हणजे उजवी पाकळी पडणार नाही, डावीच पडणार, हे शाळेतल्या पोरालाही कळले असते. कोणीतरी देवाच्या तोंडून नको वदवून घेतले होते. शिडाखाली कुडकुडलेल्या सत्तावीस संसारांना देवाच्या नावाने फसवले होते. माझे डोके फिरले.

"कोणी सांगल्यानी तुका?" मी म्हाताऱ्यावर ओरडलो. "खोतांनी?"

"देवाशपथ नाय," धोंडू रडायला लागला. "फाटफटी देवाक न्हाणयलंय, फडक्यान कोरडो केलंय. तेवा काय एक नव्हता. मगे कौलाचा पाणी हाडूक बावीर गेलंय. येवन पाकळ्यो लायलंय, तर उजवेक बोट चिकाटला. माका वाटला, कालचा तेल आसतला."

"आनी गप रवलस?"

"तीनदा डावो इलो, सेक्रेटरीनू. खोतांच्या तोंडार काय सांगू? देवाच्या आंगाक चीक आसा म्हणान?"

ऑफिसात परत येऊन मी कागद ओढला आणि लिहायला बसलो. 'धोंडू गुरव याने सरपंचांच्या सांगण्यावरून...' एवढे लिहून झाले होते तेव्हा रुक्मिणीबायने कागदावर हात ठेवला. हाताला सुक्या बांगड्याचा वास होता.

"गुरवाक चीक कित्याक लागता?" तिने विचारले.

मला प्रश्न कळला नाही.

"पाकळी तेच्याच हातात. जी पाडूची ती अर्धी कोरडी लावची, जी ठेवची ती दाबून लावची. झाला. तेका चीक नको. चीक लागता तो, ज्येका पाकळ्येक हात लावक गावना नाय तेका."

मी लिहिलेला कागद फाडला.

३

मग गंगाराम खोतच. मला दुसरे कोणी सुचतच नव्हते.

आम्ही दोघे गेलो तेव्हा खोत पडवीत सुपारी कातरत बसले होते. शेजारी बाबली शिरसाट, पंचायतीतला त्यांचा उजवा हात. कौलाची फुले त्यानेच आणली होती. मी चिकाचे सांगितल्यावर बाबलीचा चेहरा पडला.

"फुला मी आदल्या सांजेक गुरवाच्या हातात दिलंय," तो घाईने म्हणाला. "पायऱ्ये चढूक पण नाय."

"चीक फुलांक नव्हतो," रुक्मिणीबाय म्हणाली. "दर खेपेक नवी पाकळी लायली, तरी तीच बाजू चिकाटली. चीक पाषाणाक होतो."

बाबलीला धीर आला तसा जिभेलाही आला. "कोणी केल्यान तेणा बराच केल्यान. त्या वाडयेवांगडा एका बावीर माझी बाईल पाणी भरूची नाय."

हे तो दिवसाढवळ्या, दोन माणसांसमोर, पंचायतीचा सभासद असताना बोलला. मी तोंड उघडणार तोच खोतांनी अडकित्ता खाली ठेवला.

"सेक्रेटरी, तुमचो संशय माझ्यार आसा, माका दिसता," ते शांतपणे म्हणाले. "पण माका चीक कित्याक व्हयो? तीन विरुद्ध तीन. मी नुसतो गप रवलंय आसतंय तरी ठराव पडलो आसतो. एकतीस तारीख काय कोणासाठी थांबाची नाय."

"मगे कौल कित्याक लायलास?" मी विचारले.

"उजवो इलो आसतो तर देवाच्या नावान हात वर केलंय आसतंय, माझे लोक माका काय बोलाक शकले नसते. डावो इलो, आता तुमी बोलाक शकणास नाय. माका दोनय बाजूंन बरा."

हे सांगताना ते हसले देखील. सत्तावीस घरे पाण्यात गेली होती आणि हा माणूस स्वतःला कुठून शिंतोडा उडणार नाही एवढेच बघत होता. मला त्या पडवीत बसवेना. पण राग गिळून कबूल करावे लागले की ते खरे बोलत होते. त्यांना चिकाची गरज नव्हती.

आम्ही अंगणात उतरलो तेव्हा खोतांनी मागून हाक मारली.

"रुक्मिणी, सोदून काड तो कोण तो. पण गावलो की तेका गावात ठेवूचंय नाय. आनी तेच्या वाडयेचा एकपण नाव यादयेत उराचा नाय. देवाच्या आंगाक हात लायल्यान तो."

रुक्मिणीबाय वळली नाही. पण तिची चाल मंदावली.

४

शाळेच्या मागे शिडांच्या सावलीत बायका जाळी विणत होत्या. रुक्मिणीबाय तिथल्या एका उलट्या पाटीवर बसली.

"आता तुमी सांगा, सेक्रेटरीनू. गुरवान देवाक पुसल्यान, तेवा चीक नव्हतो. पाणी घेवन इलो, तेवा होतो. मदी तो बावीर. तेवड्यात भितर कोण गेला?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "मी लगेच पोचलो. अंगणात फक्त गुरवाची पावले होती. झाडलेल्या मातीवर दुसरे पाऊल उठल्याशिवाय राहिले नसते."

"अंगण झाडल्यान कोणी?"

सीता पायऱ्यांपाशी उभी होती. मी तिला पाहिले होते. पाहूनही धरले नव्हते. अंगण झाडलेले दिसले, पावले दिसली, खराट्याच्या रेघासुद्धा दिसल्या, आणि खराटा धरलेले माणूस मात्र माझ्या मोजणीत आले नाही. मी स्वतःला सुधारलेला समजत होतो. वर्तमानपत्र वाचत होतो.

"पण सीता कशी?" मी म्हणालो. "तिचे नाव यादीत चौथे आहे. तिला घर हवे आहे. ती कशाला देवाला नको म्हणायला लावील?"

"नको म्हणूक ती गेलीच नाय." रुक्मिणीबायने माझ्याकडे पाहिले. "देवाचो उजवो हात खंयचो?"

मी डावा हात वर केला.

"तुमका कोणी शिकयल्यान?"

"कोण कित्याक शिकयतलो? दिसता."

"तुमका दिसता. माका गेल्या वर्सापर्यंत दिसाक नाय. बायांच्या मागच्या रांगेत बसून तो पाषाण म्हणजे एक काळो ढीग. मेंबर झालंय तेवा पयल्यांदा उंबऱ्यापर्यंत इलंय, धोंडूकाकांचो हात बघलंय, तेवा कळला. तोपर्यंत माझो उजवो तोच देवाचो उजवो, असाच धरून बसलंय होतंय. चाळीस वर्सा."

ती उठली, लुगड्याला लागलेली धूळ झटकली.

"मी निदान मंडपात होतंय," ती म्हणाली. "सीता खंय उभी ऱ्हवता?"

५

सीतेचा आडोसा रांगेच्या शेवटी होता. तिची सून पोटुशी, आत पडून होती. सीता बाहेर दगडावर बसून बोटांना खोबरेल चोळत होती. नखांच्या कडांना काळी रेघ अजून राहिली होती. आम्हाला दोघांना एकत्र बघून ती उभी राहिली आणि हात पाठीमागे नेले.

"बस गो," रुक्मिणीबाय म्हणाली आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसली. मग मीही बसलो.

सीतेने काही लपवले नाही. कालपासून ती जणू कोणी विचारायची वाटच बघत होती.

"गेल्या पावसात माझो नातू गेलो, तुमका म्हायत आसा," ती म्हणाली. "तीन दीस ताप, वरसून शीड गळता. आता ज्येष्ठात दुसरा येवचा आसा. खोत कौल लायतले असा कळला तेवा माका झोप लागाक नाय. डावो पडलो तर काय करूचा? फाटफटी झाडूक गेलंय. गुरव बावीर गेलो. खराटो ठेवलंय. तीन पायरे, मगे मंडप, मगे उंबरो. आयुष्यात कदी गेलंय नव्हतंय. डोळे मिटलंय आनी हातान चाचपलंय. डावे बाजूक चीक लायलंय, भायर येवन रवलेला अंगण झाडलंय."

"डावी पडाची नाय म्हणान."

"व्हय. डावी पडाची नाय, उजवी पडात. गुरव उजवो म्हणतलो." तिने पाठीमागचे हात पुढे घेतले. "तर डावो. परत डावो. परत डावो. सेक्रेटरीनू, चीक लायलेली बाजू पडता कशी? देवान माका वळाखल्यान. ही वर चडली, हिना माका हात लायल्यान, म्हणान सगळ्यांची घरा काडून घेतल्यान."

मी खाली मान घालून बसलो होतो. मला काय वाटत होते ते सांगतो. मला त्या गावाला काडी लावावीशी वाटत होती. साठीला आलेली बाई, जन्मभर देवाचे अंगण झाडत आली. उजवो, डावो हे शब्द तिने शेकड्यांनी ऐकले, आणि पाकळी कुठल्या बाजूची पडते ते तिला एकदाही बघू दिले नाही. आणि फसली ती, तर तिला वाटत होते की देवाने तिच्यावर सूड घेतला. ज्यांनी तिला पायऱ्यांखाली ठेवले त्यांना मात्र शांत झोप लागत होती.

"माझा नाव सांगा खोतांक," सीता म्हणाली. "माझा एक घर काडा यादयेतसून. बाकीच्यांची देवा. सुनेक मी माझ्या भयणीकडे पोचयतंय."

"ते तुझा एक काडूचे नाय. सहाय काडतले," रुक्मिणीबाय म्हणाली. मग तिने सीतेचा हात हातात घेतला, चिकाच्या रेघेवरून अंगठा फिरवला आणि तिला सगळे समजावून सांगितले. कुठला खांदा, कुठली बाजू. सीतेला ते पटले की नाही, मला कळले नाही. ती नुसती ऐकत होती.

"परवा सभा आसा, देवळात," उठताना रुक्मिणीबाय म्हणाली. "तू उभी ऱ्हवतंस थंयच उभी ऱ्हव. कायएक बोला नको."

वाटेत मी विचारले, "चिकाचे सांगितल्याशिवाय कौल रद्द होत नाही. आणि चिकाचे सांगितले की खोत नाव मागणार. काय करणार तुम्ही?"

"नाव देतलंय," ती म्हणाली.

६

सत्तावीस तारखेला देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. चिकाची बातमी गावभर झाली होती आणि जो तो शेजाऱ्याच्या बोटांकडे बघत होता. खोत पुढे बसले होते. सभा म्हणून ते शुद्ध मराठीत बोलत होते.

रुक्मिणीबाय उंबऱ्यापाशी उभी राहिली. चिकाची तार लागलेली पाकळी तिने केळीच्या पानावर ठेवून सगळ्यांना दाखवली. मग एकेक करून सांगितले. हे गुरवाचे काम नाही, कारण त्याच्या हाताला चीक लागत नाही. हे सरपंचांचे नाही, बाबलीचे नाही, कारण ठराव पाडायला त्यांना गप बसणे पुरे होते.

"मग कोणाचे?" खोत म्हणाले. "सभेला नाव हवे आहे."

"ज्येका घरा व्हयी होती तेचा," ती म्हणाली.

मंडपात कुजबुज उठली. खोतांनी भुवया वर केल्या. "घर हवे असलेला माणूस नकाराचा कौल कशाला लावील?"

"तेणा होकाराचोच लायलो. तेका देवाचो उजवो खंयचो ता म्हायत नव्हता. चुकीचे बाजूक चीक लायल्यान. ज्येका ता म्हायत नाय, तोच तो. आता मी तुमच्यासमोर इचारतंय."

ती वळली. मंडपातल्या बायकांकडे आणि पायऱ्यांखालच्या गर्दीकडे तोंड करून तिने मोठ्याने विचारले, "देवाचो उजवो हात खंयचे बाजूक आसा? दाखवा. भियां नकात. जसा वाटता तसा हात वर करा."

आधी कोणी हलले नाही. मग खालच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याने उजवा हात वर केला. त्याच्या शेजाऱ्याने केला. बघता बघता अंगणातल्या चाळीस-पन्नास माणसांचे उजवे हात वर होते, पोरांचेसुद्धा, आणि त्यांत सीतेचाही होता. सगळे चुकलेले. इथपर्यंत मी धरून चाललो होतो. पुढचे मी धरले नव्हते. मंडपात मागे बसलेल्या बायकांतून हात वर होऊ लागले. कुळवाड्यांच्या बायका, मच्छीमारांच्या बायका, बाबलीची बायको. उजवा, उजवा, उजवा. आणि खांबाला टेकून बसलेल्या मथुराबाई, खोतांची मंडळी, चाळीस वर्षे या देवाला नैवेद्य धाडणाऱ्या, त्यांनीही उजवाच हात वर केला आणि नवऱ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "होच मां?"

रुक्मिणीबाय खोतांकडे वळली.

"घेवा नावा," ती म्हणाली. "ह्यातला कोणाक गावाभायर काडतास? कोणाचे वाडयेचा नाव यादयेतसून काडतास?"

खोतांच्या तोंडातले पान तसेच राहिले. त्यांनी बायकोकडे पाहिले, अंगणाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी त्यांच्याकडे बघितलेसुद्धा नाही. मी पुस्तकात नवे पान काढले.

"परत कौल लावूया," बाबली म्हणाला.

तेव्हा जे कोणाला वाटले नव्हते ते झाले. धोंडू गुरव गाभाऱ्यातून बाहेर आला आणि दारात आडवा उभा राहिला. 

"मी लावूचंय नाय," तो म्हणाला. "देव पंचायतीचो मेंबर नाय. तुमच्या गजालीत तेका घालू नकात."

"तर मगे सरपंचांचा मत रवला," रुक्मिणीबाय म्हणाली. "देवाचा नाय, खोतांचा. सेक्रेटरीनू, लिवा. एक रांग, एक बाव, चिठयो टाकून प्लॉट. तीन व्हय, तीन नको. सरपंच गंगाराम खोत काय म्हणतत, ता तेंच्या नावान लिवा. कचेरीत वाचतले."

पुढच्या वर्षी निवडणूक होती. अंगणात उभ्या असलेल्यांना मते होती, आणि शिडाखालच्या अठरा मच्छीमार घरांनाही. खोतांना लपायला देव उरला नव्हता. शेवटी ते, कोणी दात काढावा तसे, एकच शब्द बोलले. "व्हय."

मी लिहिले. सही घेतली. आपण मोठेपणाने दिलेली घरे म्हणून पुढे त्यांनी ती भाषणांतून मिरवली, आणि गावाने टाळ्याही वाजवल्या. असो. ठराव तीस तारखेला मी स्वतः कचेरीत नेऊन दिला.

पण त्या दिवशी सभा मोडल्यावर एक गोष्ट झाली. धोंडू पायऱ्यांपर्यंत आला आणि खाली उभ्या असलेल्यांना म्हणाला, "वर येवा. बघा तरी खंयचो उजवो तो." कोणी अडवले नाही. अडवायला तोंड कोणाला होते? आधी हात वर केलेला म्हातारा पहिला चढला, मग पोरे. मंडपातल्या काही बाया लुगडी सावरून बाजूला सरकल्या आणि बाबली तणतणत निघून गेला, पण माणसे येत राहिली.

सीता सगळ्यांत शेवटी आली. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभी राहून ती त्या नाक-डोळे नसलेल्या पाषाणाकडे बघत राहिली. धोंडूने आतून दाखवले, हा उजवा, हा डावा. तिने आपले दोन्ही हात समोर धरले, एकदा या हाताकडे पाहिले, एकदा त्या, आणि मग सावकाश मान हलवली.

"म्हणजे तो आमच्याकडे तोंड करून आसा," ती रुक्मिणीबायला म्हणाली. "माका इतकी वर्सा वाटला, पाठ करून बसलो आसा."